पाठीवरचा पेट्रोल ब्लोअर आयडलला चालतो, पण रेस दिली की बंद पडतो. काय करावं?

आधी कार्बोरेटरच्या स्क्रूला हात लावू नका! रेस दिल्यावर मशीन गुदमरतं, म्हणजे बहुधा पेट्रोल कमी पोचतंय. आपल्या इंदूरच्या पावसाळ्यात टाकीत पडून राहिलेलं इथेनॉलवालं पेट्रोल पाणी ओढून घेतं. ते काढून ताजं भरा. टू-स्ट्रोक ऑइल मॅन्युअलप्रमाणेच टाका, ५०:१ असेल तर लिटरला २० मिली. टाकीतला फिल्टर बदला, एअर फिल्टर आणि सायलेन्सरची काजळलेली जाळी साफ करा.

तरी नाही भागलं, तर कार्बोरेटरचा ‘एच’ स्क्रू (जास्त रेसला पेट्रोल किती जायचं ते ठरवणारा) घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने जेमतेम अष्टमांश फेरा सैल करा. कसू मात्र नका: पेट्रोल कमी पडून इंजिन तापतं आणि पिस्टन जाम होतो. कार्बोरेटरचा डायफ्राम (आतला पातळ पडदा) कडक झाला असेल, तर दुरुस्ती किटसाठी सियागंज बाजारात विचारा.