टी.वाय. संपायच्या आत पाच सर्टिफिकेटं?

डिग्री चालू असतानाच फायनान्सच्या परीक्षा उरकून घ्याव्यात का, नाही दिल्या तर पोरगं मागे पडेल का, हा प्रश्न घेऊन सध्या बी.कॉम., बी.एम.एस.ची बरीच मुलं आणि पालक माझ्याकडे येतात.

मयूरचंच बघा (नाव बदललंय). एस.वाय. बी.कॉम., सोबत वडील. "सर, क्लासवाले म्हणतात टी.वाय. संपायच्या आत पाच सर्टिफिकेटं करून टाका. भरू का फी?" यादी मयूरच्या वहीत होतीच: एनआयएसएमच्या (शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनं स्थापन केलेली संस्था) चार परीक्षा आणि सीएफए (गुंतवणूक क्षेत्रातली आंतरराष्ट्रीय परीक्षा) लेव्हल वन. कॉस्टिंगची केटी (नापास झालेला विषय) बाकी होती, तिचा विषय कोणी काढला नाही.

"काम कसलं करायचंय तुला?" मी विचारलं. बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "लोकांना समजावून सांगायला आवडतं." मग त्याच्या उपयोगाची परीक्षा एकच, एनआयएसएमची सीरिज फाइव्ह-ए, म्युच्युअल फंड विकणाऱ्या वितरकांची. १०० प्रश्न, दोन तास, ५० टक्क्यांना पास, निगेटिव्ह मार्किंग नाही. डिग्रीचीही अट नाही आणि वर्कबुक संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं.

मी त्याला विचारलं, "एक्झिट लोड म्हणजे काय?" व्याख्या घडाघडा आली: ठरलेल्या मुदतीआधी युनिट विकले तर कापली जाणारी रक्कम. "बरं, लोड १ टक्का आहे. काकूंनी ५०,००० रुपयांचे युनिट मुदतीआधी विकले. हातात किती येतील?" अडखळला. कागद पुढे सरकवला तेव्हा ४९,५०० लिहिलं. मुलाखतीत नेमकं हेच विचारतात. पाच परीक्षा एकदम अंगावर घेतल्या की मुलं व्याख्या पाठ करतात आणि हिशेब राहून जातो, हे बघून मला फार वाईट वाटतं.

दुसरी गोष्ट वेळेची. हे सर्टिफिकेट ३ वर्षंच चालतं. एस.वाय.च्या सुरुवातीला दिलं तर त्यातली जवळपास दोन वर्षं कॉलेजातच जातात.

सीएफएसाठी तो पात्र होता; पदवीला २३ महिने किंवा कमी उरले असले की लेव्हल वनला बसता येतं. पण फी डॉलरमध्ये, एकेका लेव्हलला साधारण ३०० तासांचा अभ्यास, आणि तिन्ही लेव्हल झाल्या तरी कामाचा ४,००० तासांचा अनुभव दाखवल्याशिवाय चार्टर, म्हणजे सीएफएचा किताब, हातात पडत नाही. नोकरी लागल्यावर, पगारातून फी भरून दिली तरी काही बिघडत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. केटी घेऊन त्यात उतरणं तर मला अजिबात पटत नाही.

शेवटी ठरलं ते असं: आधी कॉस्टिंग सोडवायचं, फाइव्ह-ए टी.वाय.च्या दुसऱ्या सेमिस्टरमध्ये द्यायची. एनआयएसएमच्या बाकीच्या तीन यादीतून काढल्या.

"मग क्लास?" वडिलांनी विचारलं.

"आधी वर्कबुक वाचू दे दादा. अडलं तर या, बघू."

फाइव्ह-एच्या नोंदणीला पॅन कार्ड लागतं. मयूरकडे नव्हतं, म्हणून अर्ज त्याच आठवड्यात करायला सांगितला.