सी३ कमी, मग दाह जास्त कसा?

प्रश्न : आमच्या नात्यातील एका तरुणीला ल्युपस असल्याचे निदान झाले आहे. तिच्या रक्ताच्या अहवालात सी३ आणि सी४ ही दोन्ही प्रथिने कमी आढळली, आणि हे आजार बळावल्याचे लक्षण असू शकते, असे डॉक्टरांनी सांगितले. ही कॉम्प्लिमेंट प्रथिने जंतूंच्या आवरणाला छिद्रे पाडतात, एवढेच मी वाचले आहे. त्यांचा सांधे सुजण्याशी आणि मूत्रपिंडाला इजा होण्याशी काय संबंध? आणि ती कमी झाली असतील, तर दाहही कमी व्हायला नको का?

उत्तर : आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. अहवालात दिसतो तो रक्तात अखंड शिल्लक असलेल्या प्रथिनांचा आकडा. ल्युपसमध्ये शरीराच्या स्वतःच्या घटकांविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. त्यांचे पुंजके मूत्रपिंडासारख्या ठिकाणी साचले, की त्यांना सी१क्यू हे कॉम्प्लिमेंट प्रथिन चिकटते आणि तेथून एकामागून एक कॉम्प्लिमेंट प्रथिनांचे तुकडे पडत जातात. यकृत नवी प्रथिने बनवते, त्याहून अधिक वेगाने ती खर्ची पडली, की आकडा खाली येतो. म्हणजे कमी आकड्याचा अर्थ येथे बहुधा जास्त वापर असा होतो, आणि दाह वाढतो तो या वापरातून निघालेल्या तुकड्यांमुळे.

छिद्रांची गोष्ट खोटी नाही. १८९० च्या दशकात ज्यूल बोर्दे या बेल्जियन शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की रक्तरस ५६ अंश सेल्सिअसपर्यंत तापवला तर त्यातील प्रतिपिंडे शाबूत राहतात, पण जंतू फोडण्याची शक्ती जाते, आणि न तापवलेला ताजा रक्तरस थोडासा मिसळला की ती परत येते. कॉम्प्लिमेंटची ओळख अशी जंतू फुटण्यातून झाली, त्यामुळे छिद्रांचेच वर्णन सर्वत्र आढळते. दाह समजून घ्यायचा असेल, तर मात्र लहान तुकड्यांकडे पाहावे लागते.

सी३ तुटले की त्याचा मोठा भाग, सी३बी, जंतूच्या किंवा पेशीच्या पृष्ठभागाला घट्ट जोडला जातो, आणि ७७ ॲमिनो आम्लांचा सी३ए हा लहान भाग सुटून आसपासच्या द्रवात जातो. पुढे सी५ तुटते आणि ७४ ॲमिनो आम्लांचा सी५ए सुटतो. हा सी५ए कॉम्प्लिमेंटच्या यंत्रणेतील सर्वांत प्रभावी संदेशवाहक आहे. न्यूट्रोफिल, मोनोसाइट, मॅक्रोफेज आणि मास्ट पेशी या रोगप्रतिकारक पेशींच्या आवरणावर त्याचा ग्राही, म्हणजे त्याचा संदेश पकडणारे प्रथिन, असतो. या ग्राहीची साखळी आवरणातून सात वेळा आरपार गेलेली असते. बाहेरून सी५ए बसला की ग्राहीचा आकार किंचित बदलतो आणि आतल्या बाजूचे, संदेश पुढे नेणारे जी-प्रथिन दोन भागांत विलग होते. त्यातून पेशीतील साठ्यांमधले कॅल्शियम मोकळे होते आणि कायनेज विकरांच्या साखळ्या जाग्या होतात.

न्यूट्रोफिलच्या बाबतीत याचा परिणाम काही क्षणांत दिसतो. पेशीचा गोल आकार मोडतो, जिकडे सी५ए अधिक तिकडे ती सरकू लागते, रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून राहण्यासाठी लागणारी प्रथिने पृष्ठभागावर वाढतात आणि ऑक्सिजनपासून जहाल रेणू बनवणारे विकर कामाला लागते. हे रेणू जंतूंवर पडले तर उपकारक. मूत्रपिंडातील नाजूक केशवाहिन्यांवर पडले, तर त्याच वाहिन्या जखमी होतात. मास्ट पेशी हिस्टामिन सोडतात, वाहिन्या पाझरू लागतात आणि सूज येते. मॅक्रोफेजमध्ये संदेश केंद्रकापर्यंत पोहोचून दाहजनक सायटोकाइनांची, म्हणजे पेशींमध्ये निरोप नेणाऱ्या प्रथिनांची, जनुके चालू होतात, आणि त्याच वेळी जंतूंच्या खुणा ओळखणाऱ्या टोल ग्राहींनीही धोक्याची सूचना दिली असेल, तर प्रतिसाद कितीतरी पटींनी वाढू शकतो.

छिद्र पाडणारा प्रथिनांचा संचही संदेश देतो. केंद्रक असलेली आपली पेशी अशा मोजक्या छिद्रांनी मरत नाही, ती तो भाग झटकून टाकते. पण तेवढ्या वेळात आत शिरलेले कॅल्शियम एनएलआरपी३ या पेशीतील धोका ओळखणाऱ्या यंत्रणेला चालना देऊ शकते, आणि मग इंटरल्यूकिन-१ बीटा हे तीव्र दाहजनक प्रथिन बाहेर पडते.

एवढा जहाल संदेश सतत चालू राहत नाही, याचे कारण मला विशेष सांगावेसे वाटते. रक्तातील कार्बॉक्सिपेप्टिडेज एन हे विकर या तुकड्यांच्या टोकाचे आर्जिनिन हे एकच ॲमिनो आम्ल छाटते. तेवढ्याने सी३ए आपल्या ग्राहीच्या दृष्टीने निकामी होतो आणि सी५एचा जोर बराच ओसरतो. ल्युपसमध्ये ही छाटणी चालू असते, पण नवे पुंजके साचत राहिल्यामुळे नवे तुकडेही निघत राहतात.

दाहासाठी छिद्रे अपरिहार्य नाहीत, याला चांगला पुरावा आहे. एएनसीए, म्हणजे न्यूट्रोफिलमधील प्रथिनांविरुद्धच्या, प्रतिपिंडांमुळे होणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या दाहात, उंदरांवरील प्रयोगांमध्ये, छिद्रासाठी आवश्यक असलेले सी६ नसतानाही मूत्रपिंडाचा आजार झाला. सी५एचा ग्राही नसलेल्या उंदरांत मात्र तो सौम्य राहिला. याच ग्राहीला अडवणारे ॲव्हाकोपॅन हे औषध २०२१ मध्ये अमेरिकेत या आजारासाठी मान्य झाले. २००७ मध्ये आलेले एक्युलिझुमॅब सी५ तुटूच देत नाही, म्हणून त्यात छिद्रेही थांबतात, आणि रुग्णाला मेंदूज्वर घडवणाऱ्या मेनिंगोकॉकस जंतूविरुद्ध लस द्यावी लागते.

प्रश्न : मग सी३ वाढवणारे एखादे पूरक औषध घ्यावे का?

उत्तर : नाही. आजार आटोक्यात आला, पुंजके साचणे थांबले, की यकृत तूट स्वतःच भरून काढते. अहवाल वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. काहींमध्ये सी४ची जनुके जन्मतःच कमी असतात, त्यामुळे तो आकडा आजार शांत असतानाही खालीच राहतो. आणि कोणत्याही दाहात यकृत सी३ अधिक बनवते, म्हणून तो नेहमीच्या मर्यादेत असला तरी आजार शांत आहे असे ठरत नाही. त्याच रुग्णाचे मागचे आकडे, लघवीतील प्रथिने आणि डीएनएविरोधी प्रतिपिंडांची पातळी एकत्र पाहूनच डॉक्टर निर्णय घेतात, तेव्हा जुने अहवाल जपून ठेवा आणि प्रत्येक भेटीत सोबत न्या.