आमच्या प्रभागातले उमेदवार म्हणतात, 'निवडून आलो तर कोल्हापुरातल्या सगळ्या जुन्या वास्तू जपू.' एवढ्यावर त्यांना मत द्यावं का?

आधी त्यांना एवढंच विचारा, छपरावरची कौलं कोण परतून देणार?

मंगळवार पेठेत आजोबांनी बांधलेलं आमचं घर आहे. पुढं सोपा म्हणजे ओसरी, मधे चौक, वर माडी, भिंती भेंड्याच्या, म्हणजे मातीच्या कच्च्या विटांच्या. मागच्या निवडणुकीत असेच एक उमेदवार आमच्या दारात उभे राहून बोलून गेले, "असली घरं म्हणजे कोल्हापूरची शान, एकालाही हात लावू देणार नाही." टाळ्या पडल्या. भाषण चालू असतानाच त्यांच्या पोरांनी फ्लेक्स बांधायला सोप्याच्या नक्षीदार खांबात चार इंची खिळा ठोकला. फ्लेक्स गेला, खिळा आहे. बायको त्याला ओली छत्री अडकवते.

पुढं ते निवडून आले आणि जुलैच्या पावसात आमच्या मागच्या भिंतीनं पोट काढलं. गवंड्यानं बोटाच्या पेरानं ठोकून बघितलं, बद्द आवाज. गिलाव्याची ढलपी काढली तर आत चिखल! कारण सोपं आहे. मातीच्या भिंतीवर कुणीतरी सिमेंटचा गिलावा चढवला होता. मातीतली ओल बाहेर पडायला वाटच राहिली नाही, भिंत आतल्या आत कुजली. हे 'कुणीतरी' म्हणजे आमचे थोरले बंधू. वीस वर्षांपूर्वी एकदाच पैसे पाठवले आणि वर हुकूम, "चुनाबिना नको, सिमेंट मार, पक्कं काम होईल." झालं पक्कं.

साहेबांकडं गेलो तर म्हणाले, "बघतो." अजून बघतायत.

दादाचा पुण्याहून फोन, "पाडायचं नाही हं, आजोबांची आठवण आहे ती." स्वतः फ्लॅटमध्ये, तिसऱ्या मजल्यावर. पाऊस आला की खिडकी लावली, संपलं. आमच्याकडं पाऊस आला की पातेली मांडायची. अभिमान त्यांचा, पातेली आमची. दादाचं आणि तुमच्या उमेदवाराचं धोरण एकच आहे, म्हणून एवढं लिहितोय.

आता तुमचं. तुमचे उमेदवार पन्हाळ्यावर बोलायला लागले तर चहा पिऊन परत या. गड केंद्राच्या संरक्षणात आहे. शंभर मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद, त्यापुढं दोनशे मीटर परवानगीनं. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत बारा किल्ल्यांमध्ये त्याचं नाव लागलं तेव्हा गडावर राहणाऱ्यांना आनंदापेक्षा धास्ती जास्त होती, घर दुरुस्त करू देतील का याची. त्यात नगरसेवक काही करू शकत नाही.

करू शकतो ते महापालिकेच्या स्वतःच्या वास्तूंचं. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये पॅलेस थिएटर म्हणून बांधलेलं केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळलं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. खासबाग आमच्यापासून पाच मिनिटांवर. आम्ही माडीवरून धूर बघत होतो, शेजारचे म्हातारे आजोबा लहान पोरागत रडत होते. 'जसंच्या तसं उभारू' हे सगळेच म्हणणार. तुम्ही विचारा, बाकीच्या जुन्या इमारतींची वायरिंग शेवटची कधी तपासली?

दुसरं, टीडीआर, म्हणजे आपल्या जागेवर न वापरता आलेला बांधकामाचा हक्क दुसरीकडं वापरायची किंवा विकायची मुभा. घर हेरिटेज यादीत असलं आणि निर्बंधामुळं पूर्ण एफएसआय, म्हणजे जागेवर मंजूर असलेलं बांधकाम, वापरता येत नसला, तर उरलेल्याचा टीडीआर मिळायची सोय नियमात आहे. आपल्या प्रभागात तो किती जणांना मिळवून देणार, हे वदवून घ्या. आमचं घर यादीत नाही, त्यामुळं आम्हाला तेही नाही. फक्त शान.

एक सांगायचं राहिलं. निर्बंध नकोतच असं माझं म्हणणं नाही. आमच्या बोळातली तीन घरं गेली, तिथं आता खाली पार्किंग आणि वर बाल्कन्या; बघवत नाही. आणि मीही धुतल्या तांदळासारखा नाही. सोप्याच्या निम्म्या भागाला शटर लावून मोबाइलवाल्याला भाड्यानं दिलाय. दादा त्यावरून चार वर्षं बोलत नव्हता. पण मागची भिंत त्याच भाड्यातून उभी राहिली, चुन्यात.

दादा, हे तू वाचणारच. मेच्या आत कौलं परतायची आहेत. निम्मे पैसे पाठव, नंबर तोच आहे.