रोज आंतरराष्ट्रीय बातम्या बघून सामान्य माणसाच्या हाती नेमकं काय लागतं?

प्रश्नाखाली तुम्ही जे जोडलंय ते मला मूळ प्रश्नापेक्षा जास्त आवडलं. रात्री नऊला टीव्ही लावला की तिसरं महायुद्ध सुरू झालेलं असतं आणि सकाळी सातला दूधवाला नेहमीसारखा दारात उभा असतो, मग हे सगळं बघायचं कशाला, आणि मराठी पेपरांत तरी जगाची बातमी नीट मिळते का, असं तुम्ही विचारलंय.

टीव्हीपुरतं म्हणाल तर नका बघू. बातमी मात्र सोडू नका. असं का म्हणतो ते सांगायला जरा लांबण लागेल.

निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. थोडी लोकल मार्केटला, बाकी निर्यातीला. जानेवारी २०२४ मध्ये निर्यातदाराचा माणूस माल बघायला आला. दोन ओळी फिरला, चार घडांतले मणी तोडले, रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर रस पिळून साखर बघितली, मण्याची साइज मोजली. माल पसंत पडला. मग पाणी पिता पिता म्हणाला, "दादा, रेट मात्र आठ रुपयांनी खाली धरा." आता काय झालं? तर म्हणे, "लाल समुद्र."

एवढंच बोलला आणि पुढच्या बागेकडं निघाला. लाल समुद्र मला माहीत होता तो शाळेच्या भूगोलात, नकाशात भरायच्या जागांपैकी एक म्हणून. आणि टीव्हीवर तर दोन महिने त्याचंच चाललं होतं! १९ नोव्हेंबर २०२३ ला येमेनमधल्या हुती बंडखोरांनी 'गॅलेक्सी लीडर' नावाचं जहाज हेलिकॉप्टरमधून उतरून ताब्यात घेतलं, तो व्हिडिओ मी स्वतः दहा वेळा बघितला होता. जहाज गुजरातला पिपावावकडं यायला निघालेलं, म्हणून आपल्याकडं तो जरा जास्तच फिरला. बंदुका घेतलेली माणसं डेकवर पळताहेत, मागं ढोल बडवल्यासारखं संगीत, खाली पट्टीवर 'महायुद्धाची ठिणगी?' तेव्हापासून मी प्रश्नचिन्ह नीट बघायला लागलो. प्रश्नचिन्ह हा वाहिनीचा अटकपूर्व जामीन असतो. काहीही म्हणा, पुढं तेवढं चिन्ह टाका, उद्या कोणी विचारलं तर आम्ही फक्त विचारलं होतं.

पण त्या दोन महिन्यांत एकाही चर्चेत मला हे ऐकू आलं नाही की बाब-अल-मंदेब हे त्या समुद्राचं खालचं तोंड जेमतेम तीस किलोमीटर रुंद आहे, आपल्याकडून सुएझ कालव्यानं युरोपला जाणारं प्रत्येक जहाज तिथूनच जातं, आणि डिसेंबरच्या मध्यात मेर्स्कसारख्या मोठ्या जहाज कंपन्यांनी ती वाट सोडून आख्ख्या आफ्रिकेला वळसा घालायला सुरुवात केली. म्हणजे न्हावा शेवाहून रॉटरडॅमला जाणारा आमचा कंटेनर केप ऑफ गुड होपवरून जाणार, दहा-बारा दिवस जास्त घेणार. भाडं वाढणार, विमा वाढणार. आणि द्राक्ष काही लोखंड नाही. तोडल्यापासून शून्य अंशाच्या आसपास ठेवलं, पेटीत गंधकाचा पॅड टाकला, तरी देठ किती दिवस हिरवा राहील याला मर्यादा आहे. देठ तपकिरी पडला की तिकडचा सुपरमार्केटवाला पेटीकडं बघतसुद्धा नाही. ती सगळी भीती आधीच हिशेबात धरून निर्यातदारानं माझे आठ रुपये कापले. त्याचं चुकलं असंही म्हणत नाही मी. पण मला हे डिसेंबरातच कळलं असतं तर काही माल आधी लोकलला ठरवता आला असता.

हे सगळं शेवटी कळलं कुठून? एका मराठी कृषी दैनिकातल्या आतल्या पानावरच्या अर्ध्या कॉलमातून आणि एका इंग्रजी व्यापारी पेपरातून. दोन्हीकडं ढोल नव्हता.

त्या हंगामात आमच्या घरी एक नवीन नाद लागला. पॅकहाऊसच्या पोरानं आमचा कंटेनर ज्या जहाजावर होता त्याचं नाव पाठवलं होतं, ते मी जहाजं दाखवणाऱ्या एका साइटवर टाकलं. वडील ऐंशीला आलेत, लांबचा प्रवास म्हणाल तर पंढरपूर आणि एकदा काशी. संध्याकाळी चहा झाला की विचारायचे, "आज कुठं?" किनाऱ्याजवळ असलं की ठिपका दिसायचा, खोल समुद्रात गेलं की फुकटवाल्या साइटवर गायब. चार-पाच दिवस काहीच नाही, मग एकदम दक्षिण आफ्रिकेच्या टोकाशी उगवायचा. मुलीच्या शाळेचा नकाशासंग्रह काढून मी वडिलांना वाट दाखवली. सुएझ १८६९ ला उघडला, त्याच्या आधी सगळी गलबतं इकडूनच जायची, वास्को द गामाही १४९८ ला इकडूनच आला, वगैरे. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "म्हणजे ते गोरे ज्या वाटेनं आले, त्याच वाटेनं आपला माल निघाला. भाडं कोण देतंय?" इतका सरळ प्रश्न मी नऊच्या चर्चेत अजून ऐकलेला नाही.

तेव्हापासून माझी बातमी वाचायची पद्धत बदलली. कोण बरोबर, कोण चूक हे मी शेवटी बघतो. आधी जागा कोणती, तिथून काय जातं, आणि हे सांगतंय कोण. 'सूत्रांच्या माहितीनुसार' दिसलं की एक दिवस थांबतो. शिळी बातमी बऱ्याचदा ताजीपेक्षा बरी निघते.

जून २०२५ चं उदाहरण घ्या. इस्रायल-इराण युद्ध चालू होतं आणि २२ तारखेला इराणच्या संसदेनं होर्मुझची सामुद्रधुनी, म्हणजे पर्शियन आखाताचं तोंड, बंद करायला मंजुरी दिली. तेव्हा जगातल्या तेलाचा साधारण पाचवा हिस्सा तिथून जात होता, त्यामुळं पट्टी आली: 'होर्मुझ बंद!' गावातल्या पंपावर त्या संध्याकाळी रांग होती. आता ज्याला ग्रामसभेचा ठराव माहीत आहे त्याला हे समजायला अवघड नव्हतं. ठराव झाला म्हणून रस्ता होतो का? त्याच बातमीत खाली लिहिलेलं होतं की अंतिम निर्णय त्यांच्या सर्वोच्च राष्ट्रीय सुरक्षा परिषदेकडं आहे. दोन दिवसांनी युद्धविराम झाला आणि सामुद्रधुनी त्या वेळी काही बंद झाली नाही.

मराठी पेपरांबद्दल विचारलंय, तर माझी तक्रार चुकीच्या बातमीची कमी आणि अर्धवट बातमीची जास्त आहे. देश-विदेशच्या पानावर वृत्तसंस्थेची इंग्रजी बातमी घाईनं मराठीत केलेली असते. 'ते पुढे म्हणाले की' असं चार वेळा येतं, पण हे कोण, कुठल्या पक्षाचे, त्यांचं ऐकतं कोण, हे नाही. युक्रेनची राजधानी आज क्यीव, उद्या कीव्ह, परवा कीव. ते एक वेळ चालेल. पण एवढी मोठी मराठी पत्रसृष्टी आणि परदेशात स्वतःचा बातमीदार बसलेला क्वचितच वाचायला मिळतो. बरं, कधी बातमी चालत आपल्या दारात येते, तेव्हा तरी? मार्च २०२४ मध्ये आपल्या नौदलानं भारताच्या किनाऱ्यापासून २,६०० किलोमीटरवर 'रुएन' नावाचं जहाज सोमाली चाच्यांकडून सोडवलं. १७ खलाशी वाचले, ३५ चाचे पकडले आणि २३ मार्चला मुंबईत आणून पोलिसांच्या ताब्यात दिले. कमांडो विमानातून समुद्रात उतरले ते दोन दिवस दाखवलं. पुढं ते ३५ जण, त्यांचे दुभाषे, २०२२ च्या चाचेगिरीविरोधी कायद्याखालचा खटला, हे सगळं मुंबईत, लोकलच्या तिकिटाच्या अंतरावर. ती गोष्ट मला सविस्तर वाचायची होती, पण माझ्या हाती लागली नाही.

आता मे २०२५. यावर थोडं सावकाश लिहितो.

आमच्या गल्लीत एक घर आहे, मुलगा सैन्यात, तेव्हा जम्मूच्या बाजूला. ऑपरेशन सिंदूर झालं ७ तारखेला. ८ मेच्या रात्री मी त्यांच्याकडं गेलो तेव्हा त्याची आई जमिनीवर बसून टीव्ही बघत होती, जेवणाचं ताट बाजूला तसंच. देशातल्या बऱ्याच वाहिन्या त्या रात्री सांगत होत्या की कराची बंदर उद्ध्वस्त झालं, कोणी तर इस्लामाबादपर्यंत पोहोचलं होतं. स्टुडिओत भोंगा वाजत होता, तोच हवाई हल्ल्याचा, एकसारखा. ती माउली दर भोंग्याला मला विचारायची, "हे आत्ताचं हाय का? तिथलं हाय का?" तो भोंगा नोएडातल्या कुठल्या तरी कॉम्प्युटरमधला होता, पण हे तिला मी कसं पटवणार? मुलाचा फोन बंद. सकाळी कळलं की कराची जागच्या जागी आहे. १० मेला सरकारला वाहिन्यांना सांगावं लागलं की कार्यक्रमांत हवाई हल्ल्याचे भोंगे वाजवू नका, लोकांना खऱ्या भोंग्याची किंमत राहणार नाही. त्या रात्रीबद्दल कोणत्या अँकरनं हात जोडल्याचं मी बघितलं नाही. मुलगा सुखरूप होता. त्याचा फोन दोन दिवसांनी आला, तोवर त्या घरात टीव्ही बंद केला नाही कोणी. बंद केला तर काही सुटेल अशी भीती. वाहिन्यांचा धंदा त्याच भीतीवर चालतो.

राजकारणावर माझं मत विचाराल तर ते फार थोर नाही. दोन देशांचं नातं मला सिनेमातल्या दोस्ती-दुश्मनीपेक्षा भाऊबंदकीसारखं वाटतं. बांधावरून कोर्टात तारखा चालू असतात आणि त्याच वेळी एका विहिरीची पाळी दोघं बिनबोभाट पाळतात. चीनचंच बघा. २०२० ला गलवान झालं, बहिष्काराचे स्टेटस मीही ठेवले. आणि ड्रीपमधून सोडायच्या विद्राव्य खतांचा बराचसा माल येतो तिथूनच. २०२५ मध्ये त्यांनी ती खतं अडवली तेव्हा दुकानदारानं ००:५२:३४ या खताची गोणी आतून काढून, इकडंतिकडं बघत दिली. भावही तसाच लावला. त्यामुळं कोणी 'मास्टरस्ट्रोक' म्हटलं किंवा 'परराष्ट्र धोरणाचा बोजवारा' म्हटलं की मी दोन्हीवाल्यांना खताच्या दुकानात नेऊन बसवावं म्हणतो.

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल, हा गडी सगळं जग आपल्या खिशातून बघतोय. खरं आहे. आणि तेच मला खटकायला लागलंय. सुदानमध्ये एप्रिल २०२३ पासून यादवी चालू आहे, कोटीच्या वर लोक घरदार सोडून गेले. सुरुवातीला आपले लोक तिथून आणले तेवढे दिवस बातमी होती, विमानतळावर आले की संपली. पोर्ट सुदान त्याच लाल समुद्रावर आहे, माझ्या कंटेनरच्या नेहमीच्या वाटेवर. मी त्या समुद्राबद्दल वर्षभर वाचत होतो आणि किनाऱ्यावरच्या माणसांबद्दल एक ओळ वाचली नव्हती. टीव्हीला काय दोष देऊ?

आणि तो 'गॅलेक्सी लीडर'. जानेवारी २०२५, पुढचा हंगाम तोंडावर, जहाजं अजून केपवरूनच जात होती. पेपरात खालच्या कोपऱ्यात चार ओळी: जहाजावरचे २५ खलाशी सुटले. फिलिपिन्स, बल्गेरिया, युक्रेन, मेक्सिको, रोमानियाचे. चौदा महिने ते तिथंच होते. हेलिकॉप्टरचा व्हिडिओ दहा वेळा बघणारा मी, त्यावर माणसं होती हे पार विसरून गेलो होतो. वडिलांना वाचून दाखवलं. त्यांनी बोटांवर मोजत हिशेब केला: ते धरले तेव्हा आपली गोडी छाटणी होऊन घड दिसायला लागले होते, मग काढणी झाली, एप्रिलची खरड छाटणी, परत ऑक्टोबरची, आणि आता परत मण्यांत पाणी उतरायला आलं. मग म्हणाले, "त्यांच्या घरी कोण सांगत असंल रोज, आज कुठं ते?"

टीव्हीचा रिचार्ज चालूच आहे आमच्याकडं. क्रिकेट आणि हवामान.