एग्झॉर्बिटंट म्हणजे शब्दशः चाकोरीबाहेरचं

संपाच्या बातमीत 'एग्झॉर्बिटंट डिमांड्स' आलंय, त्याचा नेमका अर्थ काय आणि ऑर्बिटशी याचा काही संबंध आहे का, असा प्रश्न आहे. संबंध आहे, अगदी थेट, आणि मला हा शब्द फार आवडतो त्याचं कारणही तेच.

लॅटिनमधे 'ऑर्बिटा' म्हणजे गाडीच्या चाकाने रस्त्यात पडलेली खाच, आणि 'एक्स' म्हणजे बाहेर. आता आपल्याकडे या खाचेला काय म्हणतात? चाकोरी! म्हणजे एग्झॉर्बिटंटचा मूळ अर्थ शब्दशः चाकोरीबाहेरचा. काळ्या मातीतला गाडीरस्ता ज्यांनी पाहिलाय त्यांना लगेच कळेल, पावसाळा संपला की ती खाच वाळून दगडासारखी होते आणि चाक एकदा त्यातून बाहेर गेलं की गाडी नुसती हेलपाटत जाते. ग्रहांची ऑर्बिटसुद्धा याच शब्दातून आली, त्यांचीही ठरलेली वाटच की.

इंग्रजीत हा शब्द पंधराव्या शतकात आला तेव्हा पैशाशी संबंध नव्हता, कायद्याच्या किंवा रीतीच्या वाटेवरून ढळलेलं ते एग्झॉर्बिटंट. कायद्याच्या भाषेत तो अर्थ अजून शिल्लक आहे, एखाद्या देशाचं कोर्ट फारसा संबंध नसलेला परदेशातला खटलाही स्वतःकडे ओढून घेतं त्याला 'एग्झॉर्बिटंट ज्युरिसडिक्शन' म्हणतात. भाव, फी, मागण्या रास्त हद्द सोडून गेल्या की एग्झॉर्बिटंट, हा आजचा वापर नंतर रुळला. गंमत बघा, आपण 'चाकोरीबाहेरचं काम' म्हणतो ते कौतुकाने, आणि इंग्रजीत त्याच चित्रातून तक्रारीचा शब्द झाला.

मग मराठीत काय म्हणायचं? भरमसाट नको, कारण त्यात फक्त खूप एवढंच येतं, पीकही भरमसाट येतं आणि त्याचा आनंदच होतो. अवास्तव चालेल पण त्यात 'शक्य नाही' असा सूर आहे, देणाऱ्याला परवडत असलं तरी मागणी एग्झॉर्बिटंट असू शकते. भाव असेल तर मी बिनधास्त 'अव्वाच्या सव्वा' लिहीन. मागण्यांसाठी मात्र 'अवाजवी', कारण वाजवी हा अरबी 'वाजिब'वरून आलेला, म्हणजे रास्त, देणं लागतं तेवढं, आणि त्याला आपला 'अ' लावला की हद्द सोडल्याची नेमकी तक्रार त्यात उतरते.

आणि हो, स्पेलिंगमधे एक्सनंतर एच नाही, एग्झॉस्टच्या सवयीने बरेच जण घालतात.