मेंदूचं हातावर पोट

प्रश्न : डॉक्टर, पंधरा दिवसांपूर्वी आमचे मामाजी (वय ६२) वावरात कापूस वेचत होते. एकाएकी उजव्या हातातून बोंडं गळू लागली, बोलणं बोबडं झालं. अशक्तपणा समजून लोकांनी साखरपाणी पाजलं. वीस मिनिटांत सगळं ठीक. नंतर दवाखान्यात म्हणाले, मेंदूचा रक्तपुरवठा घटला होता. सकाळी दोन भाकरी खाऊन गेलेल्या माणसाच्या मेंदूला ताकद कमी कशी पडते? साखरपाण्यानंच बरे झाले ना?
— एक सून, यवतमाळ जिल्हा

उत्तर : ताई, अंक निघेपर्यंत थांबण्यासारखं हे नव्हतं, म्हणून तुम्हाला फोन केलाच. पण प्रश्न घरोघरचा आहे.

साखरपाण्यानं नाही. बहुधा मेंदूच्या डाव्या, म्हणजे उजवा हात चालवणाऱ्या, बाजूच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी आपसूक विरघळली. भाकरीची साखर रक्तात होतीच, यकृतातही साठा होता. मेंदूकडे मात्र कणगी नाही. वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, आणि ऑक्सिजन खातो सुमारे २० टक्के! साठवण नावापुरती, रोज आणायचं, रोज खायचं. रक्त पूर्ण थांबलं तर दहा-एक सेकंदांत शुद्ध हरपते.

आता चूल आठवा. पऱ्हाट्या कोंबून भरल्या आणि वाराच लागला नाही, तर जाळ होत नाही, नुसता धूर. पेशीचंही तेच. ऑक्सिजन असेल तर साखरेच्या एका कणातून ऊर्जेची ३०च्या आसपास नाणी सुटतात. नसेल तर फक्त २, आणि वर आम्ल साचतं. म्हणजे अशा वेळी जादा साखर धूरच वाढवते. शिवाय जीभ जड असताना पाजलेलं पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं. (माझ्या आजोबांच्या नाकाला तर चप्पल लावली होती. कांदाही झाला होता.)

मेंदूच्या १०० ग्रॅमला मिनिटाला साधारण ५० मिलिलिटर रक्त लागतं. ते २०च्या खाली आलं की पेशी एकमेकींशी बोलणं बंद करतात. मामाजींचा हात तेव्हाच गळाला. पण पेशी जिवंत होत्या; उरलीसुरली ऊर्जा त्या आतलं सोडियम बाहेर उपसायला वापरतात. १०च्याही खाली गेलं की हा उपसाच थांबतो. सोडियमपाठोपाठ पाणी आत शिरतं, पेशी फुगते, मरते. मुक्या झालेल्या पण न मेलेल्या पेशींसाठीच सगळी धावपळ असते. सिटी स्कॅन करून गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं दिसल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. तालुक्याहून यवतमाळला पोचण्यातच किती जातात, ते तुम्हीच मोजा.

तेव्हा पुन्हा तोंड वाकडं, हात लुळा किंवा बोली बोबडी दिसली, तर घड्याळ बघा, १०८ला फोन लावा, तोंडात काही घालू नका. वीस मिनिटांत बरं वाटलं तरी जा, कारण पक्षाघाताचा खरा झटका येण्याचा धोका पुढच्या दोन दिवसांतच सगळ्यात जास्त असतो. मामाजींचे ते दिवस निभावले, पण मानेच्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी आणि ईसीजी राहिलेत. बीपीची गोळी बरं वाटलं म्हणून सोडायची नाही. आणि फोनवर त्यांनी तंबाखू-सुपारीचा खर्रा ‘कधीमधी’ खातो म्हटलं, तेव्हा मागून तुम्ही हसलात, ते मला ऐकू आलं.