ठाण्याच्या नौपाड्यात बुटीक सुरू करणाऱ्या ताईंसाठी

ताई, राम मारुती रोडलगत गाळा घेण्याआधी मागच्या गल्ल्यांत कोण राहते ते पाहा, कारण बुटीक पुन्हा पुन्हा येणाऱ्या शेजारणींवर चालते. कौपिनेश्वर मंदिरापासून निघणाऱ्या पाडव्याच्या स्वागतयात्रेसाठी नऊवारी आणि खणाच्या ब्लाउजची मागणी महिनाभर आधी सुरू होते; हाताला झेपेल तेवढीच कामे घ्या आणि उरलेल्या बायकांना शेजारच्या शिंपिणीकडे मोकळ्या मनाने पाठवा.

फॉल-पिको आणि हुक-काजाची कामे परिसरातल्या बचत गटांतील बायकांना द्या. सुरुवातीला मी महिनाअखेरीस हिशेब करीत असे, पण पैशांवाचून मुलीची फी राहिल्याचे एका बाईंनी संकोचून सांगितले, तेव्हापासून काम हातात आले की त्याच दिवशी पैसे देते. हे कृपया पहिल्या दिवसापासून करा.

सुती कापड बेतण्याआधी भिजवून वाळवा. ब्लाउजच्या दोन्ही बाजूंच्या शिवणीत किमान एक इंच माया, म्हणजे आत दुमडलेले जादा कापड, ठेवा. बाळंतपणानंतर तोच ब्लाउज घेऊन संकोचत आलेल्या बाईसमोर आतली शिवण उसवून तो सैल करून दिला की तिचा चेहरा किती खुलतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. अशा कामाची मजुरी मी घेत नाही.

तयार कपड्यांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यापुढे १८ टक्के जीएसटी आहे, म्हणून किमती ठरवताना ही मर्यादा लक्षात घ्या. ट्रायल रूममध्ये मात्र एक खुर्ची आणि भिंतीला धरायला दांडी नक्की ठेवा, कारण आजींना उभ्याने कपडे बदलता येत नाहीत.